रॅक सात, कप्पा तीन

३ मार्च, सोमवार

ताईला जाऊन आज त्रेचाळीस दिवस. मोजायचे नाहीत असं ठरवतो आणि सकाळी दाढी करताना मोजून होतात.

कामाचं लिहितो. आजपासून स्टोअरची तपासणी. पुण्याहून बोरकर मॅडम आल्या आहेत. जुन्या वस्तू खराब होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे त्यांचं शिक्षण. वय पस्तिशीच्या आत. एप्रिलअखेरपर्यंत राहणार. कुलूप काढून दिलं तर आत न जाता दारातच थांबल्या, डोळे मिटून वास घेतला.

"नव्या गाडीत बसल्यासारखा वास आहे. तुम्हाला येत नाही?"

मला येत नाही. आठ वर्षं रोज आत जातो, कसा येणार.

गजानन (आमचा शिपाई, माझ्याच बरोबरीचा) जेवताना म्हणाला, "मॅडम नाकानं तपासणी करून राहिल्या भाऊ. आपलं काही खरं नाही."

५ मार्च, बुधवार

आज तारेची परीक्षा. कपाटांत अंथरलेल्या निळ्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा मॅडमनी मागितला. तांब्याची तार चहाच्या गॅसवर लाल केली, तुकड्याला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. चांगली पोपटी हिरवी. गजाननला फार आवडलं. "दिवाळीची काडीच आहे मॅडम, अजून एक होऊ द्या ना."

मॅडम हसल्या नाहीत. हिरवी ज्योत म्हणजे वाईट जातीचं प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी मिसळलेलं असतं, उन्हाळ्यात ते बाहेर येतं आणि वर ठेवलेल्या वस्तूला लागतं. वर आंबट वाफाही सुटतात. आमच्या स्टोअरला एसी नाही. मे महिन्यात आत काय होतं ते मला माहीत आहे, कुलपाला हात लावताना रुमाल धरावा लागतो.

"हे कोणी निवडलं होतं?"

"मी."

"कधी?"

"आठ वर्षं झाली. हे स्टोअर नवीन झालं तेव्हा."

लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातव्या रॅकबद्दल काही बोललो नाही.

६ मार्च, गुरुवार

सातव्या रॅकमध्ये आईची साडी आहे.

छप्पन साली दीक्षेच्या वेळी आई नुकतीच लग्न होऊन आली होती. सगळ्यांना पांढरं नेसून जायचं होतं आणि दुकानांत पांढरी साडी मिळेना. बाबांनी कुठून तरी एक थान आणलं. आई आणि आत्या, दोघींनी ते अर्धं अर्धं केलं. म्हणून साडी आखूड आहे. एका टोकाला आत्याच्या हातचे टाके, मोठे मोठे, घाईतले. आईने ती त्या दिवसानंतर नेसली नाही. दर वर्षी एकदा उन्हात नाही, सावलीत वाळत घालायची आणि परत बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची.

आई गेल्यावर साडी ताईकडे होती. संग्रहालयाला द्यायला मीच लावली. ताई तयार नव्हती. मी म्हटलं, घरी कपाटात कसर लागेल, झुरळं लागतील, तिथं माझ्या नजरेसमोर राहील. माझ्या शब्दावर दिली.

मी शाळेत राहावं म्हणून ताई सातवीतून निघाली होती. तिने माझं कधी काही अडवलं नाही, हेही अडवलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

रॅक १ व २ झाले. चांदीची नाणी लाल बनातीवर, म्हणजे जाड लोकरी कापडावर ठेवलेली होती, काळी पडलीत. ती बनात माझ्या आधीची. तरी मॅडमनी सांगितलं तेव्हा कान गरम झाले.

नवीन काय अंथरायचं त्याची निवड करायची आहे. नुसतं कोणाच्या सांगण्यावर नाही, तपासून. काचेच्या बरणीत प्रत्येक मालाचा तुकडा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या, थोडं पाणी, झाकण घट्ट. मग अठ्ठावीस दिवस साठ अंशांच्या ओव्हनमध्ये. माल वाईट असला तर पट्टी सांगते. ओव्हन एका कॉलेजातून उसना आणला.

गजानन : "ओव्हन काहून पाहिजे मॅडम? मे पर्यंत थांबा, गच्चीवर ठेवून देऊ. नागपूरचं ऊन फुकट आहे."

नऊ बरण्या भरल्या; फोमचा आणि धुतलेल्या मांजरपाटाचा नमुना मॅडमनी पुण्याहून आणला होता. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. निळ्या प्लास्टिकचीही एक. तिचं काय होणार ते ठाऊक असून भरली.

१० मार्च, सोमवार

सातवा रॅक आज उघडला.

तिसऱ्या कप्प्यातली पेटी मी काढली. साडी उचलायला गेलो तर खालचं प्लास्टिक सोबत वर आलं. चिकटलं होतं. मॅडम एकदम म्हणाल्या, "थांबा, ओढू नका." त्यांनी हातमोजे घातले, सपाट चाकूसारखं काहीतरी आत सरकवत हळूहळू सोडवलं. पाऊण तास लागला असेल. मी पेटीची कड धरून उभा.

प्लास्टिकवर बारीक शंकरपाळ्यांची नक्षी आहे. ती नक्षी साडीवर उमटली. खालची सगळी घडी पिवळट, चौकटी चौकटी. एका घडीच्या कडेला निळाही उतरलाय. हात लावला तर तिथं कापड तेलकट लागतं.

मॅडम : "धुता येणार नाही. डाग जाईल पण कापडही जाईल. टिपून घेऊ, हवा देऊ. आता आहे तिथं थांबलं तर पुष्कळ." मग नोंदवही पाहिली. "दात्या बाईंना कळवावं लागेल. आहेत ना?"

"नाहीत. जानेवारीत वारल्या."

"ओह. घरी कशात ठेवलेली असायची, काही कल्पना?"

"जुन्या धोतरात. बरंच धुतलेलं."

"किती धुतलेलं?"

"वीसेक वर्षं वापरलेलं."

"मग घरी चांगली होती," म्हणाल्या. सहज म्हणाल्या. त्यांना माहीत नव्हतं.

ते धोतर मीच परत दिलं होतं. संग्रहालयात असलं फडकं कसं ठेवायचं म्हणून. ताईने घडी करून पिशवीत टाकलं होतं.

११ मार्च, मंगळवार

मॅडमना सांगितलं. साडी माझ्या आईची, देणारी माझी मोठी बहीण. त्यांनी हातमोजे काढले. मग "कालचं माझं वाक्य..." असं काही म्हणायला लागल्या. मी म्हटलं, वाक्य बरोबर होतं.

आणखी एक होतं, ते सांगितलं नाही. दुकानात त्या प्लास्टिकचे पांढरे रोलही होते. निळं मी निवडलं. आईच्या साडीखाली निळं असावं, एवढंच मनात होतं. कोणाला बोललो नव्हतो. जुने क्युरेटर निवृत्त होताना म्हणाले होते, मांजरपाट आणून चार पाण्यातून काढा आणि तेच घाला. मला वाटलं, चार दिवसांवर उद्घाटन, धुवायचं कधी, वाळवायचं कधी. आणि प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसता येतं.

उद्घाटनाला ताई आली होती. कप्पा पाहून म्हणाली, "निळ्यावर पांढरी बरी दिसते गा." मी खूश झालो होतो.

१२ मार्च, बुधवार

ट्रस्टच्या सचिवांनी बोलावलं. मॅडमचा तोंडी अहवाल त्यांना पोचला होता.

"डाग पूर्वीपासून होता असं लिहून टाका. साठ-सत्तर वर्षांची साडी, डाग असणारच."

"दिली तेव्हा नव्हता. आवक नोंदीत 'स्वच्छ' लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"मीच."

"मग तुम्हीच काय ते बघा. दात्याचं आता कोण आहे?"

"मुलगी आहे. माझी भाची."

"म्हणजे घरचंच. मग कशाला एवढं वाढवता?"

वाढवत नाही म्हणालो. खाली आलो. नोंदवही उघडली आणि दिवसभर इतर कामं केली.

१३ मार्च, गुरुवार

लिहिलं. 'रॅक ७, कप्पा ३. पांढरी सुती साडी. खालच्या घडीवर पिवळे डाग, कडेला निळा रंग. कारण : कप्प्यातील अस्तर. अस्तराची निवड : स्टोअरकीपर.' खाली सही.

गजाननने सही सुकायच्या आत वाचलं. "भाऊ, रोल तर मीही धरला होता. माहं नाव काहून नाही टाकलं?" थट्टेत म्हणाला, पण मग बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही.

१८ मार्च, मंगळवार

बाजार. गांधीबागेत मांजरपाट घेतला, कोरा, न धुतलेला, पिवळसर. दुकानदार म्हणाला कडक आहे तोच चांगला. कडकपणा खळीचा असतो आणि खळीला कसर येते, हे मी आता शिकलोय, पण त्याला काय सांगणार.

तिथून पॅकिंगच्या मालाच्या दुकानात. मॅडमनी नाव लिहून दिलं होतं, पॉलिथिनचा पांढरा फोम, रंग नको, वास नको. दुकानदाराने गादीचा स्पंज पुढे केला.

"हा नको. हा काही वर्षांनी पिवळा पडून भुगा होतो."

"काका, कोणाच्या घरी बसवायचा आहे?"

"संग्रहालयात."

"तिथं कोण झोपून राहिलं? स्पंज काय, थर्माकोल काय, सगळं सेमच आहे."

आठ वर्षांपूर्वी मी याच बोलण्यावर माल उचलला असता. उचललाच होता. आज दोन्हींचे तुकडे मागून घेतले, वास घेतला. दुकानातली माणसं बघत होती. तार खिशात होती, पण तिथं पेटवायचं धाडस झालं नाही. ऑफिसात येऊन पाहिलं. पांढऱ्या फोमची ज्योत साधी, पिवळी.

२३ मार्च, रविवार

घरी मांजरपाट धुतला. संग्रहालयात मोठं भांडं नाही. मोठ्या गंजात पाणी उकळून, साबण न घालता. पहिलं पाणी पेजेसारखं निघालं. तिसऱ्या वेळी थेंबभर आयोडीन टाकून पाहिलं, कापडाचा तुकडा जांभळा झाला, म्हणजे खळ अजून आहे. पाचव्या पाण्यानंतर जांभळा झाला नाही. मंदा (सौ.) पिळायला दुसरं टोक धरून उभी.

पिळता पिळता म्हणाली, "काहून नाही दाखवली हो ताईंना साडी?"

मी म्हटलं परवानगी लागते.

"कोणाची?"

"सचिवांची."

"मग मागितली नाही?"

कापड वाळत घातलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार

काल उत्तर दिलं नाही, ते इथं लिहितो.

ताईने तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा आईच्या स्मृतिदिनाला. मी म्हटलं, आत्ता यादीचं काम चालू आहे. दुसऱ्यांदा मागच्या दिवाळीच्या सुमारास फोनवर. तेव्हा काय सांगितलं तेही आठवत नाही. तिसऱ्यांदा डिसेंबरात, धंतोलीला दवाखान्यात. नळ्या होत्या, तरी बोलत होती. "एक डाव दाखव ना गा. मी हात नाही लावत. लांबूनच पाहीन." मी म्हटलं, बरी हो, मग नेतो. ती म्हणाली, "तू लय नियमाचा झाला."

हसून म्हणाली होती.

नियमात असं काही नाही. दाता किंवा वारस वस्तू पाहू शकतो, अर्ज द्यायचा, सचिवांची सही. स्वतःच्या माणसासाठी सचिवांच्या दारात जायचं मला जड वाटत होतं. चाव्या माझ्याकडे असून उद्घाटनानंतर मी कधी घरच्याला आत नेलं नाही, याचा अभिमान होता मला. लोकांना सांगायचो.

फोटो तरी काढून नेता आला असता. तेही सुचलं नाही.

६ एप्रिल, रविवार

मित्राचा फोन. (मित्रा म्हणजे ताईची मुलगी, संघमित्रा. प्रताप नगरला राहते, शाळेत शिकवते. परी तिची मुलगी.)

"मामा, चौदा एप्रिलच्या आधी एकदा आजीची साडी पाहायची आहे. परीलाही दाखवायची. आईची इच्छा राहून गेली, निदान आपण पाहू."

"ये ना," म्हटलं.

"खरंच? मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

डागाचं सांगितलं नाही. फोनवर कसं सांगायचं. खरं म्हणजे समोर सांगणंही जमेल असं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

बरण्या शुक्रवारीच ओव्हनमधून काढल्या होत्या, आज उघडल्या. निळ्या प्लास्टिकच्या बरणीत तांबं हिरवं-काळं, पार खाऊन टाकल्यासारखं. बनातीच्या बरणीत चांदी काळी. रंग दिलेल्या प्लायवूडने शिशावर पांढरी भुकटी आणली. पांढरा फोम साफ. धुतलेला मांजरपाट साफ, पट्ट्या भरल्या त्या दिवशी होत्या तशा.

तर ठरलं. लोखंडी फळीवर फोम, त्यावर धुतलेला मांजरपाट, त्यावर वस्तू. एवढं साधं आहे. मॅडम म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी शेवटी हेच निघतं.

गजानन निळी बरणी उजेडात धरून पाहत होता. "भाऊ, अन् यावरच साडी ठेवली होती आपण." मी बरणी त्याच्या हातातून घेतली. फेकली नाही, कपाटात मागे ठेवली.

१० एप्रिल, गुरुवार

मित्रासाठी परवानगी मागायला सचिवांकडे गेलो. अर्ज मीच लिहून नेला होता. त्यांनी वाचला, पेन शोधलं, सही केली. वर म्हणाले, "चहा घेता?"

घड्याळ पाहिलं होतं. चार मिनिटं लागली.

१३ एप्रिल, रविवार

मित्रा आणि परी अकराला आल्या. परी सात वर्षांची, पांढरा फ्रॉक घालून आली होती. मित्राने हार आणला होता, तो बाहेर ठेवायला लावला. फुलं आत चालत नाहीत. हे सांगताना माझाच आवाज मला नकोसा झाला.

मॅडमनी साडी मोठ्या टेबलावर काढून ठेवली होती. मनात आलं होतं की खालची घडी आत करून ठेवायला सांगावं. त्या करणार नाहीत हे माहीत होतं आणि मी सांगितलंही नाही. उघडी होती सगळी.

मित्रा आधी आत्याचे टाके पाहत होती. "आई सांगायची हे टाके." मग तिची नजर खाली गेली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. पहिल्यापासून. प्लास्टिक मी निवडलं, चिकटलं, धुता येत नाही. जेवढं मॅडमना सांगितलं होतं तेवढं, आणि निळ्याचंही सांगितलं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"आई तीनदा विचारून राहिली होती तुम्हाला."

"हो."

"तेव्हा हे माहीत होतं? म्हणून दाखवली नाही?"

"नाही गं. तेव्हा मी पेटी उघडलीच नव्हती."

"म्हणजे काही कारण नव्हतं."

 मॅडम खिडकीशी गेल्या.

मित्रा : "मामा, आमच्या गोदरेजच्या कपाटात किती वर्षं होती ती. डांबराच्या गोळ्या पण नाही टाकल्या आईनं कधी. काही झालं होतं का? तुमच्याकडं सुरक्षित राहील म्हणून दिली."

परीने विचारलं, "आजोबा, हे डाग शंकरपाळ्यासारखे काहून आहेत?" मित्राने तिला गप्प केलं. मी म्हटलं, विचारू दे. तिला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "मग तुम्ही सॉरी म्हटलं का माझ्या आजीला?"

जाताना धोतराचं विचारलं, बाबांचं, ज्यात साडी असायची. मित्रा म्हणाली, "ते परीच्या बाळंतपणात दुपट्यांना गेलं. आई म्हणाली, आता त्याला काय जपायचं."

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी वंदना. दर वर्षी मित्रा घरची मंडळी घेऊन आमच्याकडे जेवायला असते. यंदा फोन आला, परीला बरं नाही. मंदाने खीर जास्त केली होती.

२१ एप्रिल, सोमवार

मित्राचा अर्ज आला. सचिवांच्या नावे, टपालाने. 'माझ्या आईने दिलेली साडी आपल्याकडे खराब झाली असल्याने ती वारस म्हणून मला परत मिळावी.' अक्षर ताईसारखं आहे, उभं.

सचिवांनी अर्ज माझ्याकडे पाठवला. देणगीपत्रात 'कायमस्वरूपी' लिहिलंय, पण अस्तराने नुकसान झालेलं असल्यामुळे ट्रस्ट परत द्यायचा विचार करू शकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी स्टोअरकीपरचा लेखी शेरा लागेल. वस्तू परत देणे योग्य की अयोग्य.

मी म्हटलं, ती माझी भाची आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या.

"दुसरं आहे कोण? आणि एवढं कडक तुम्हीच लिहिता, नोंदवही पाहिली मी. पुढच्या मंगळवारी बैठक आहे, तोवर द्या."

२३ एप्रिल, बुधवार

रॅक सातचे सगळे कप्पे रिकामे करून फळ्या पुसल्या. निळं प्लास्टिक खरवडून काढावं लागलं. फोम मापात कापला, कोपरे गोल केले, मांजरपाट ताणून बसवला, टाचण्या नाहीत, चिकटपट्टी नाही. गजानन म्हणाला, "आता मले झोपू द्या इथं, स्पंजवाल्या दुकानदाराला फोटो पाठवू." खूप दिवसांनी हसलो.

तिसऱ्या कप्प्यात काही ठेवलं नाही अजून.

मॅडमना विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? म्हणाल्या, "डाग असलेल्या घडीवर कापड आता कमजोर झालंय. घरी लोक काढतील, दाखवतील, पुन्हा घडी घालतील. दहा वर्षांत तिथं फाटेल. इथं या अस्तरावर, सपाट ठेवली तर टिकेल. माझं मत इथंच ठेवा." थोडं थांबून, "पण ती माझ्या आजीची नाही ना."

२५ एप्रिल, शुक्रवार

मॅडम गेल्या. स्टेशनवर सोडायला गजानन आणि मी. गाडीला वेळ होता. त्यांनी ती तांब्याची तार मला दिली, ठेवा म्हणाल्या.

घरी आल्यावर दोन शेरे लिहून पाहिले, कच्चे. एकात 'वस्तूच्या हिताच्या दृष्टीने संग्रहालयातच ठेवणे योग्य.' दुसऱ्यात 'परत देण्यास हरकत नाही.' पहिला वाचला तर वाटतं, ज्या माणसाने ती खराब केली तोच म्हणतोय माझ्याकडेच ठेवा. दुसरा वाचला तर वाटतं, अंगावरचं काढून टाकतोय. शिवाय ती फाटेल, हे मला ठाऊक असताना.

मंदाला दोन्ही वाचून दाखवले. "ताई राहत्या तर त्यांनी कोणता घेतला असता?" म्हणाली. मग स्वतःच, "त्या काही बोलल्याच नसत्या."

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी मित्राचा फोन. चौदानंतर पहिल्यांदा. आवाज साधा होता.

"मामा, तुमच्याकडं आला ना अर्ज?"

"आला."

"काय लिहिणार?"

"बघतो."

"मी तुमच्यावर राग काढायला नाही केला अर्ज. परी रोज विचारते, ती साडी आपल्या घरी येईल का. अन् मला एकदा ती आईच्या फोटोपुढं ठेवायची आहे. मग फाटली तर फाटली."

"मॅडम म्हणाल्या, इथं टिकेल."

"टिकेल. अन् पाहील कोण?"

  मग म्हणाली, "एक विचारू? हाच अर्ज आईनं केला असता, मागच्या वर्षी, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

"माहीत नाही गं," म्हटलं.

खोटं बोललो. चांगलं माहीत आहे. 'देणगी कायमस्वरूपी आहे, परत देता येत नाही' असं लिहून, सही करून, त्याच दिवशी वर पाठवलं असतं. ताईला ते टपालाने कळलं असतं. मी रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो असतो आणि तिने विषय काढला नसता.

अर्ज समोर आहे. शेऱ्याच्या रकान्यात आजची तारीख तेवढी घातली.